वाहन चालू स्थितीत आणावे

कृष्णकांतरावांची मोटर चालत होती, आणि खरं सांगायचं तर सगळ्या अनर्थाचं मूळ तेच होतं. बंद पडलेल्या मोटरीला कोणी सल्ला देत नाही. लोक येतात, चुकचुकतात, धक्का मारतात आणि आपल्या कामाला लागतात. चालत्या मोटरीपाशी मात्र माणूस थांबतो, मान तिरकी करून तिच्याकडे पाहतो आणि हिच्यात काय सुधारता येईल याचा विचार करू लागतो.

ही गोष्ट त्रेचाळीस सालच्या संक्रांतीनंतरची. लढाई नागपूरपासून फार लांब होती, पण तिचे परवाने महाल वस्तीतल्या घराघरात पोचले होते. कृष्णकांतराव जमीन मोजणीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. विलायतेला परत निघालेल्या एका रेल्वेच्या साहेबाकडून त्यांनी ही हिरवी मोटर घेतली होती, तेव्हाच ती सतरा वर्षांची होती. पेट्रोल कुपनावर मिळे, आणि ते इतकं थोडं की रविवारी तेलंगखेडीपर्यंत जाऊन आलं की पुढचे पंधरा दिवस मोटर नुसती पुसायची. पण या खेपेला त्यांनी तीन महिने मोटर हलवली नव्हती. सगळी कुपनं जपून ठेवली होती, कारण मोटर कुहीला न्यायची होती.

कुहीला त्यांचे सासरे होते. वामनराव मालगुजार. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, समोर आलेला माणूस आहे की बैल हे आवाजावरून ओळखायचे. त्यांची मुलगी अरुंधती, म्हणजे कृष्णकांतरावांची पत्नी, चार वर्षं त्यांच्या मागे लागली होती की नागपूरला येऊन ऑपरेशन करून घ्या. दरवेळी वामनरावांना काहीतरी अडचण असे. कधी धान कापणीला आलेलं असे, कधी गाय व्यायची असे. रेल्वेचं नाव काढलं तर इंजिनाचा कोळसा डोळ्यात जातो म्हणत. शेवटी दिवाळीत ते म्हणाले, "जावईबापू आपली मोटर घेऊन दारात आले, तं येतो मी." अरुंधतीबाईंनी त्याच पावली इस्पितळात जाऊन माघातल्या एका गुरुवारची तारीख घेतली. तारीख चुकली तर पुढे उन्हाळा, आणि डोळ्याला पट्टी बांधून नागपूरच्या उन्हाळ्यात कोणी पडून राहत नाही. शिवाय वामनराव दुसऱ्यांदा हो म्हणतील यावर घरात कोणाचाच विश्वास नव्हता.

तर त्या गुरुवारच्या अडीच आठवडे आधी, एका रविवारी सकाळी, कृष्णकांतरावांनी बॉनेट उघडून तेल पाहायची सळई बाहेर काढली. त्यांना तेल पाहायचं नव्हतं. मोटरवाल्या माणसाने रविवारी अंगणात उभं राहून काहीतरी बाहेर काढून पाहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण शेजारचे मारोतराव दातण करत कुंपणापाशी उभे होते. त्यांचं इतवारीत कापडाचं दुकान होतं, आणि कापडाखेरीज जगातल्या सगळ्या विषयांवर त्यांना बोलायला आवडे.

"तेल कधी बदललं होतं, बापू?" त्यांनी विचारलं.

कृष्णकांतरावांनी जरा विचार केला. "साहेबाने बदललं असेल."

"साहेब कधी गेला?"

"एकोणचाळीसला."

मारोतराव कुंपण ओलांडून आत आले. सळईचं टोक त्यांनी बोटाने पुसलं, बोट उन्हात धरलं, नाकाशी नेलं आणि मान हलवली. "हे तेल नाही, डांबर होय. सासऱ्याच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून राहिले, अन् मोटरीचा तसाच ठेवता काय? कुहीच्या रस्त्यात इंजिन धरलं, तं म्हाताऱ्याले खांद्यावर आनसान."

या शेवटच्या वाक्याने कृष्णकांतरावांची त्या दिवसाची झोप गेली. दुपारच्या झोपेबद्दल बोलतो आहोत, ती ते रविवारीच घेत.

पुढचा आठवडा तेल कोणतं घ्यावं यात गेला. मारोतरावांचं म्हणणं, गाडी जुनी, आतले भाग झिजलेले, तेव्हा तेल दाट हवं, मधासारखं. मारोतरावांनी आयुष्यात मोटर घेतली नव्हती, पण एकदा ते मोटरीतून वर्ध्याला गेले होते आणि वाटेत ती दोनदा बंद पडली होती, म्हणजे अनुभव होताच. शालिकराम मिस्त्रीचं म्हणणं उलट. तो सायकली दुरुस्त करे आणि अडल्यानडल्याला मोटरीही. त्याच्या मते थंडीचे दिवस, दाट तेल सकाळी गोठून बसेल, तेव्हा पातळ हवं. गल्लीतल्या बाकीच्यांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे बाजू घेतल्या. जाड माणसं साधारणपणे दाट तेलाच्या बाजूची होती. साहेबाने मोटरीबरोबर दिलेलं इंग्रजी पुस्तक कृष्णकांतरावांनी शोधून काढलं, तर तेलाच्या प्रकरणाची दोन पानं नेमकी वाळवीने खाल्लेली.

दुसरा एखादा माणूस गोंधळला असता. कृष्णकांतराव हेडक्लार्क होते. त्यांनी एक फाइल उघडली, प्रत्येकाचं मत तारखेनिशी टिपलं, खाली आपला शेरा लिहिला, 'मध्यम तेल घ्यावे', आणि सही केली. स्वतःच्याच घरात स्वतःच्याच फाइलवर सही करताना त्यांना बरं वाटलं. या प्रकरणात बरं वाटण्याचा तो शेवटचा प्रसंग.

सोमवारी ते सीताबर्डीवरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "दाट, पातळ, मध्यम, तिन्ही आहेत. परवाना आणा." परवान्याची कचेरी सिव्हिल लाइन्समध्ये एका बंगल्याच्या मागच्या पडवीत होती. तिथे मधुसूदन नावाचा एक तरुण कारकून बसे. फार नम्र मुलगा. त्याने उठून खुर्ची दिली, अर्ज तीन प्रतींत भरून घेतला आणि तितक्याच नम्रपणे विचारलं, "जुनं तेल निकामी झालं याचा पुरावा?"

"काळं झालंय."

"बरोबर आहे, पण कागदावर काळं दिसत नाही ना, साहेब. नमुना लागेल. अर्धी बाटली, बूच लाखेने बंद करून. शुक्रवारी आणा."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कृष्णकांतराव रागावले नाहीत. वीस वर्षं त्यांनी स्वतः लोकांचे अर्ज याच कारणांनी परत पाठवले होते. उलट या पोराचं काम चोख आहे असं त्यांच्या मनात आलं, आणि ते समाधानाने घरी परतले.

बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर त्यांनी शालिकरामला बोलावलं. शालिकराम मोटरीखाली उताणा सरकला. वर कृष्णकांतराव बाटली घेऊन उभे, कुंपणापाशी मारोतराव, ओट्यावर अरुंधतीबाई. तेलाच्या टाकीच्या तळाशी एक मोठा नट असतो. तो एकवीस वर्षांत कोणी फिरवला नसावा, कारण तो काही केल्या हलेना. शालिकरामने पान्ह्याला लोखंडी नळी अडकवली आणि जोर केला. नट सुटला. नुसता सुटला नाही, आपले आटेही बरोबर घेऊन आला.

"बाटली द्या," मोटरीखालून आवाज आला. आणि लगेच, "बाटली नको, घमेलं द्या."

अर्धी बाटली हवी होती, चार शेर आलं. शालिकराम बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा आणि धोतर एका रंगाचं झालं होतं. नट परत बसेना. त्याला सुतळी गुंडाळून, सफेदा लावून तो कसाबसा ठोकून बसवला. कृष्णकांतरावांनी बाटली भरली, लाख लावली, त्यावर आपल्या अंगठीचा ठसा उमटवला आणि उरलेल्या तेलाचं घमेलं कुंपणाजवळ ठेवलं. गुरुवारी सकाळी घमेलं रिकामं.

"वाया काहून जाऊ द्याचं?" मारोतराव म्हणाले. "गोठ्याच्या खांबाले लावलं. वाळवी येत नाही. उरलं ते बंडीवाल्यांनी नेलं, आसाच्या वंगनाले. चांगलं तेल होतं बापू, थोडं काळं होतं एवढंच."

शुक्रवारी मधुसूदनने बाटली उजेडात धरली, ठसा पाहिला, नोंद केली. "उत्तम. आता मोटर तपासायची. इन्स्पेक्टर साहेब मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते एक. वाहन कचेरीत आणायचं, चालू स्थितीत. नियमात तसंच लिहिलंय."

"त्यात तेल नाही."

"म्हणून तर परवाना द्यायचा आहे."

"तेलाशिवाय ती इथपर्यंत येणार कशी?"

मधुसूदनने नियमांची पुस्तिका काढली आणि मनापासून शोधलं. पान उलटून पलीकडेही पाहिलं. "मोटर परवान्यासाठी आणण्यापुरतं तेल, असा काही फॉर्म नाही, साहेब."

"ढकलत आणली तर?"

"मग ती चालू स्थितीत नाही असं होईल. तुम्ही समजून घेऊन राहिले नाही. चालू नसलेल्या गाडीला तेल कशाला लागेल?"

त्या युक्तिवादात कृष्णकांतरावांना एकही फट दिसेना, आणि वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच आपण टेबलाच्या कोणत्या बाजूला उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. ते टांग्याने घरी आले. वाटेत टांगेवाल्याने चाकाला कोणतं वंगण घातलंय हे विचारायचा त्यांना मोह झाला, पण त्यांनी तो आवरला.

गुरुवारला सहा दिवस उरले होते.

एरंडेलाची कल्पना शालिकरामची. पुलगावच्या डेपोतल्या एका शिपायाने त्याला सांगितलं होतं की मागच्या लढाईत विमानाच्या इंजिनात एरंडेल घालत. विमानाला चालतं ते मोटरीला का चालू नये, असा त्याचा सवाल होता, आणि कृष्णकांतरावांची त्या वेळची मनःस्थिती अशी की कोणी कढी घालायला सांगितली असती तरी त्यांनी विचार केला असता. मारोतरावांनी नत्थूजी तेल्याला निरोप धाडला. रविवारी नत्थूजी डबा घेऊन आले, चार शेर मोजून दिलं, आणि स्वतःच्या हातांनी इंजिनात ओतलं, देवाच्या समईत ओतावं तसं हळूहळू, एक थेंब न सांडता.

मोटर सुरू झाली. आणि अशी मऊ आवाजात सुरू झाली की शालिकरामने आजूबाजूला पाहून घेतलं, सगळ्यांना ऐकू गेलं ना म्हणून. थोड्याच वेळात अंगणभर एरंडेलाचा वास पसरला. गल्लीत खेळणारी पोरं एकदम दिसेनाशी झाली. दर रविवारी त्यांना एकेक चमचा मिळे, आज सगळ्या गल्लीला एकदम देणार अशी त्यांची समजूत झाली असावी. कृष्णकांतरावांनी पाच मिनिटं मोटर चालू ठेवली, मग बंद केली आणि दुपारी दीड तास झोपले.

मंगळवारी सकाळी हँडल जरा जड लागलं. शालिकराम म्हणाला, थंडी आहे. मोटर निघाली. महाल सुटेपर्यंत ठीक होतं. सीताबर्डीला बॉनेटमधून निळसर धूर येऊ लागला आणि वास बदलला. एरंडेलाचा वास मागे पडून दुसराच एक ओळखीचा, घरगुती, भूक लागेल असा वास येऊ लागला. रस्त्यावरचे लोक वळून पाहत होते, पण मोटरीकडे नाही; जवळपास कुठे भजी तळताहेत का, ते शोधत होते. कृष्णकांतराव समोर पाहून गाडी चालवत राहिले. पावणेबारा वाजता मोटर कचेरीच्या फाटकातून आत शिरली, चालू स्थितीत.

मधुसूदन पडवीतून धावत खाली आला. त्यालाही आनंद झालेला दिसला. "आणली तुम्ही," तो म्हणाला. मग त्याचा आवाज पडला. "साहेब काटोलला दौऱ्यावर गेले आहेत. शुक्रवारी या."

गुरुवारी ऑपरेशन होतं. शुक्रवारी येण्यात कृष्णकांतरावांना अर्थ दिसेना. त्यांनी मोटर तशीच वळवायचं ठरवलं, पण एवढ्यात ती बंद पडली होती. हँडल लावलं. हँडल फिरेना. दोन शिपायांनी मिळून लावलं, तरी हलेना. पाचनंतर बाहेरचं वाहन आवारात ठेवता येत नाही, असा नियम होता. मधुसूदनने तो सांगताना मान खाली घातली. सहा हमालांनी मोटर ढकलत महालात आणली. मागे कृष्णकांतराव चालत होते, हातात तपकिरी कागदांची फाइल. सीताबर्डीवर ऑफिसातले दोघे जण भेटले. त्यांनी नमस्कार केला, यांनी प्रतिनमस्कार केला. कोणीच काही विचारलं नाही, आणि त्यांना तेच जास्त लागलं.

बुधवारी उजाडताच शालिकरामने इंजिन उघडलं. आत सगळीकडे पिवळसर, चकचकीत, चिवट थर बसला होता. नखाने खरडला तरी निघेना. त्याने थराचा वास घेतला आणि नत्थूजींना बोलावलं.

नत्थूजी आले. त्यांना काही लपवायचं नव्हतंच. "एरंडीचं दोन शेरच होतं ना जी. बाकी जवसाचं घातलं. जवस काय वाईट हाय? आपुन खातोच ना."

"याच तेलाचं सुतार वार्निश करतात, नत्थूजी," शालिकराम म्हणाला. "दरवाजाले लावतात, ते वाळून दगडासारखं होते. आता इंजिनाले आतून पॉलिश झालं." मग त्याने कृष्णकांतरावांकडे पाहिलं. "दोन महिने लागतीन."

अरुंधतीबाई एवढा वेळ ओट्यावर होत्या. त्या महालात सून म्हणून आल्यापासून घरातली शुद्ध भाषा बोलत, पण मनातून पार ढवळल्या की कुहीची भाषा वर येई. "भाड्याची मोटर करा," त्या म्हणाल्या. "बाबाले दिसत नाही. त्याहिले सांगायचं काहून? बसवा अन् आना."

"खोटं बोलायचं?"

"तुमी नका बोलू. गप बसा."

भाड्याची मोटर काळी होती, चालकाने खाकी कोट घातला होता. कृष्णकांतरावांनी त्याला बजावलं की तोंडातून शब्द काढायचा नाही. कुहीला दारात हॉर्न वाजला तेव्हा वामनराव पडवीत बसले होते. ते बराच वेळ उठले नाहीत. मग म्हणाले, "कोन? जावईबापू? मोटरीनं आले?"

"हो. मोटर घेऊनच आलो."

वामनरावांचा चेहरा पडला असं कृष्णकांतरावांना वाटलं, पण ते ऑपरेशनच्या भीतीने असेल. त्यांनी हात धरून म्हाताऱ्याला बसवलं, स्वतः शेजारी बसले. मोटर निघाली तसे वामनराव म्हणाले, "हाकलून कोन राहिलं? तुमी तं इथं बसले."

"ड्रायव्हर ठेवलाय."

"रंग कोनता हाये गाडीचा?"

"हिरवा," कृष्णकांतराव म्हणाले, आणि समोरच्या आरशात चालकाची भुवई वर गेलेली त्यांनी पाहिली. वाटेतलं तितूर गाव मागे पडलं आणि तो भला माणूस विसरला. "साहेब," त्याने विचारलं, "तुमाले उतरवून उमरेडची सवारी घेऊ का? गाडी मंग खालीच राहीन."

कृष्णकांतराव म्हणाले की ड्रायव्हरचे उमरेडला नातेवाईक आहेत. वामनराव म्हणाले, "असन, असन." मग नागपूर येईपर्यंत ते सुपारी चघळत राहिले.

ऑपरेशन उत्तम झालं. आधी उजवा डोळा केला. डॉक्टर म्हणाले, पावसाळा संपला की डावाही करून टाकू. म्हातारा दहा दिवस उशीवरून मान न हलवता पडून होता, आणि त्या दहा दिवसांत कृष्णकांतरावांना परवान्याच्या कचेरीचं पत्र आलं. नियोजित दिवशी वाहन तपासणीस हजर न केल्याने व चौकशीअंती ते चालू स्थितीत नसल्याचे कळल्याने तेलाची आवश्यकता सिद्ध होत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे, आणि पेट्रोलची उर्वरित कुपने परत करावीत. खाली मधुसूदनची सही होती. पत्राची भाषा निर्दोष होती. कृष्णकांतरावांनी ते दोनदा वाचलं, एक चूक सापडावी म्हणून, आणि फाइलला लावलं.

पट्टी निघाली, चष्मा आला, आणि वामनराव टांग्यातून मुलीच्या घरी आले. दोन दिवस त्यांनी नुसतं पाहण्यात घालवले. भिंतीवरची कॅलेंडरं पाहिली, अरुंधतीच्या डोक्यातले पांढरे केस पाहून हळहळले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते काठी टेकत मागच्या अंगणात गेले. कृष्णकांतराव त्यांना अडवायला मागोमाग धावले, पण उशीर झाला होता.

हिरवी मोटर चार विटांच्या थप्प्यांवर उभी होती. चाकं भिंतीला टेकवलेली, अर्धं इंजिन गोणपाटावर पसरलेलं, आणि बॉनेटवर अरुंधतीबाईंनी पापड वाळत घातले होते. वामनरावांनी काठीने मडगार्डवर दोनदा ठोकलं. मग पूर्ण प्रदक्षिणा घातली, सावकाश, एका डोळ्याने, जत्रेत बैल पाहावा तशी.

"हे तुमची मोटर," ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

"बाबा, त्याचं असं झालं," कृष्णकांतरावांनी सुरुवात केली.

"राहू द्या. मले पहिल्याच दिशी समजलं होतं. भाड्याच्या गाडीत गादीखाली पोतं असते, ते टोचून राहिलं होतं." वामनराव मोटरीच्या पायरीवर बसले आणि काठी गुडघ्यांमध्ये धरली. "खरं सांगू का जावईबापू, मले लय भेव वाटे. डोळ्यात सुरी घालतात म्हनून आयकलं होतं. पोरीले नाही म्हनवत नव्हतं. चार साल बहाने सांगून थकलो. मंग म्हटलं, तुमच्या मोटरीची अट घालू. तुमची मोटर काही कुहीले येत नाही, अन् मी काही जात नाही. सुटलो म्हटलं जन्माचा. अन् त्या बुधवारी दारात भोंगा वाजला, तं मले उठावसंच वाटेना."

गेल्या महिन्याभरात मारोतराव, शालिकराम, नत्थूजी आणि सरकार, सगळ्यांनी मिळून जे केलं नव्हतं, ते या म्हाताऱ्याने एका दमात केलं होतं. ही मोटर कुहीला पोचणार नाही, यावर इतका पक्का विश्वास कोणीच ठेवला नव्हता.

"बरं झालं पण," वामनराव म्हणाले. "दिसते आता. आता डॉक्टर म्हनते, दुसरा डोळा." त्यांनी मान वळवून विटांवरच्या मोटरीकडे पाहिलं, गोणपाटावरचे भाग पाहिले, एकेक नीट मोजल्यासारखे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान पसरलं. "करू. पन अट तेच हाये. हेच मोटर, अन् तुमी हाकलून आनाची. भाड्याची मी आता वळखतो."

मागच्या दारात अरुंधतीबाई उभ्या होत्या. त्या कधी आल्या होत्या कोण जाणे. पदर खोचून त्या मोटरीपाशी आल्या आणि बॉनेटवरचे अर्धवट वाळलेले पापड एकेक करून उचलू लागल्या.